मुद्देमाल मैना

आमच्या जमादारांनी चौकीपुढं उभं राहून हाळी दिली की तिकडं भोरच्या बाजारात वाण्याच्या हातातलं माप सांडायचं. मधे डोंगर, नदी, आणि पायी जायला अख्खा दिवस. कुणाला हे फुगवून सांगितल्यासारखं वाटत असेल तर त्यानं त्या वाण्यालाच विचारावं. तो आता हयात नाही, हा काही माझा अपराध नव्हे. मी जमादारांच्या हाताखालचा शिपाई. गस्तीवर घोडीच्या डाव्या अंगानं चालायचो, म्हणजे जमादार कायम माझ्या उजव्या कानाशी. तो कान माझ्या आधी निवृत्त झाला.

ते मूळचे भोर संस्थानचे घोडेस्वार. संस्थान मुंबई सरकारात विलीन झालं तेव्हा कचेरीतल्या खुर्च्या, टेबलं, एक पितळी घंटा, जमादार आणि त्यांची मैना नावाची पांढरी घोडी, असा सगळा ऐवज एकदमच नव्या सरकारच्या ताब्यात गेला. सरकारनं त्यांना वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या आमच्या चौकीवर धाडलं आणि नवा पोशाख दिला. त्यातला त्यांनी फक्त कमरेचा पट्टा वापरला. डोक्याला संस्थानचा फेटा तसाच राहिला. बूट त्यांनी नाड्या एकमेकींना बांधून मैनेच्या मानेवर टाकले, एक इकडं, एक तिकडं. साहेब तपासणीला आले आणि पायांकडं बघायला लागले की जमादार म्हणायचे, "डोकं संस्थानचं, कंबर मुंबई सरकारची, आन् पाय आमचं सोताचं. बूट हायेत. हजर हायेत. बगा की."

चौकीला एक बंदूक होती. जमादारांनी ती कधी भरली नाही. नळीत ते मैनेसाठी गुळाचे खडे ठेवायचे, कारण खिशात ठेवले तर ती खिसा फाडायची. त्यामुळं साऱ्या मुंबई इलाख्यात मुंग्या लागणारी बंदूक आमचीच.

पण त्यांचा खरा तऱ्हेवाईकपणा ती हाळी. चोरावर जायचं तर लपतछपत जावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जमादार मात्र डोंगराच्या पायथ्याला आले की घोडी थांबवायचे, फेटा सारखा करायचे, घसा खाकरायचे आणि ओरडायचे, "ऐकाऽऽ वो! आमी आलोऽऽ!"

मी नवा होतो तेव्हा एकदा धीर करून म्हणालो, "जमादार, अशानं चोर पळून जातो."

"मंग? पळाया नगं? त्याला काय जेवाया बसवायचा हाय?"

"पण आपण गुपचूप गेलो तर सापडेल की."

त्यांनी वरून माझ्याकडं पाहिलं. "लपायचं काम चोराचं. पोलीसबी लपाया लागला तर लोकांनी दोघांतला वळखायचा कोन? आँ? सांग की!"

मी परत मैनेच्या डाव्या अंगाला जाऊन चालायला लागलो.

गस्तीचीही त्यांची एक रीत होती आणि पुढचं सगळं रामायण त्या रीतीतनंच घडलं, म्हणून ती नीट सांगतो. वाडीवर गेलं की दरेक अंगणापुढं मैना उभी राहायची. जमादार विचारायचे, "समदं ठीक?" घरातलं कुणीतरी बाहेर येऊन "ठीक हाय, जमादार" म्हणेपर्यंत पुढं हलायचं नाही. आणि ठीक नसलं तर काय बिनसलंय ते शेवटपर्यंत ऐकायचं, मग ते चोरीचं असो, बांधाचं असो, नाहीतर सुनेच्या करपलेल्या भाकरीचं असो. त्याचा निकाल लावायचा, आणि मग घरधनी "आता ठीक हाय" म्हणाला की पुढचं अंगण. दिवाळीत सुरू झालेली गस्त कधीकधी शिमग्याला संपायची.

ही रीत मैनेच्या हाडामासात भिनली. अंगणातनं "ठीक हाय" ऐकल्याखेरीज ती खूर उचलत नसे. टाच मारा, लगाम ओढा, तिच्या नावानं नवस बोला, उपयोग नाही. एकदा एका वाडीतली झाडून सगळी माणसं भातलावणीला गेलेली. आम्ही उन्हं कलेपर्यंत त्या अंगणात उभे. शेवटी जमादारांनी मला घरामागं पिटाळलं आणि बाईच्या आवाजात "ठीक हाय" म्हणायला लावलं. मैनेनं मान वळवून माझ्याकडं असं काही बघितलं की मला नोकरी सोडावीशी वाटली. हलली मात्र नाही.

त्या काळात आमच्या खोऱ्यात रंग्याची टोळी होती. चार-पाच दांडगट गडी, एक माल वाहायचं गाढव आणि घाटमाथ्यावरची एक कपार, एवढा त्यांचा संसार. नसरापूरच्या बाजाराला निघालेले तांदळाचे बैल अडवायचे, वाड्यांवरून घोंगड्या, हंडे, कोंबड्या उचलायच्या. रंग्या राजगडाच्या माचीवरून एका उडीत तोरण्यावर जातो असं लोक सांगायचे. मी त्याला पुढं जवळून पाहिला. मधे एकदा तरी तो टेकत असणार.

जमादार त्यालाही अहोजाहो करायचे. कपारीखाली जाऊन हाळी द्यायचे, "रंगोबाऽऽ! आमी आलोऽऽ!" वरून उत्तर यायचं, "या जमादारऽऽ! आमी निघालोऽऽ!" मग आम्ही चढून जायचो. चूल अजून धगधगती असायची, आणि एखादे वेळी पानावर आमच्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली. जमादार ती पंचासमक्ष खायचे. पंच मीच.

असं सालोसाल सुखात चाललं होतं. मग नवे फौजदार आले. तरणे, पुण्याकडचे, कायदा पुस्तकासकट पाठ. येताना त्यांनी चौकीसाठी सरकारी सायकल आणली. सायकल बैलगाडीत घालून आणली, कारण सायकल चालेल असा रस्ता आमच्याकडं नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी जमादारांना समोर उभं केलं.

"घोड्यांची ठाणी बंद झाली, जमादार. यापुढं सायकल. दिवाळीच्या आत ती टोळी धरलीत तर घोडीबद्दल मी वर शब्द टाकीन. नाहीतर दिवाळीनंतर लिलाव."

"तिला कोन घेनार, सायेब? वय झालंया तिचं."

"साताऱ्याकडचा एखादा टांगेवाला घेईल."

"टांगा," जमादार म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि तेही इतक्या हळू की मी डावा कान पुढं केला.

बाहेर येऊन ते भिंतीला टेकवलेल्या सायकलीपुढं उभे राहिले. तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "समदं ठीक?" त्यांनी विचारलं. वाट बघितली. मग मला म्हणाले, "बग. काई बोलती का?" त्यांची स्वतःची निवृत्ती तोंडावर आली होती. तिची त्यांना फिकीर नव्हती. मैना टांग्याला जुंपली जाईल, आणि असली ठिसूळ हाडाची म्हातारी घोडी टांग्याला जुंपली तर पहिल्याच चढाला बसेल, हे मात्र त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या दिवसापासून त्यांची अर्धी भाकरी मैना खायला लागली.

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा फौजदार स्वतः मोहिमेवर निघाले. सकाळची वेळ. पायथ्याच्या आंब्याला मैना बांधली. जमादारांचा हात सवयीनं फेट्याकडं गेला, तसे फौजदार कुजबुजले, "आवाज नाही! तोंडातनं अक्षर काढलंत तर इथंच घरी पाठवीन." जमादारांनी फेट्याचा शेमला तोंडात कोंबला आणि गाल फुगवून चढायला लागले. त्यांच्या पोटात हाळी कोंडली होती. दर दहा पावलांना ती वर यायची आणि ते ती गिळायचे.

कपारीत टोळी जेवत होती. फौजदारांनी उडी घेतली आणि पुस्तकातल्यासारखे ओरडले, "खबरदार! हात वर करा!"

रंग्याच्या हातात नाचणीची भाकरी. त्यानं फौजदारांकडं बघितलंच नाही. तो मागं उभ्या जमादारांकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते सख्ख्या भावानं बोलणं सोडलं की माणसाच्या चेहऱ्यावर येतं.

"जमादार? आवाज न्हाई दिला?"

जमादारांनी तोंडातला शेमला काढला. "सायबाचा हुकूम हुता, रंगोबा."

मग जो गोंधळ उडाला! एरवी ही माणसं सावकाश आवरून, चूल झाकून, पायवाटेनं निघून जायची. आज वाट फुटेल तिकडं. बाकीचे घाटाखाली कोकणात उतरले ते आजतागायत वर आले नाहीत. गाढव फौजदारांच्या अंगावरून गेलं. रंग्यानं कड्यावरून खाली उडी टाकली, आणि तिथंच राजगड-तोरण्याच्या बाता उघड्या पडल्या. पाय मुरगळला, घोटा टम्म फुगला, आणि बिचारा फरफटत पायथ्याच्या आंब्यापर्यंत गेला. तिथं कोण उभं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वरून आम्ही बघतोय, पांढऱ्या मैनेवर अंगाला घोंगडं गुंडाळलेला रंग्या.

"बंदूक!" फौजदार गरजले. मी दिली. त्यांनी नेम धरला, चाप ओढला. नळीतून दोन मुंग्या बाहेर आल्या, परिस्थिती बघितली आणि परत आत गेल्या.

जमादार तिथंच धोंड्यावर बसले. "आवाज दिला असता तर नीट वाटंनं पळाला असता बिचारा," म्हणाले. "सायेब, मैनी ग्येली माजी."

आम्ही माग काढत निघालो. फौजदार म्हणाले, आता तो थेट महाड गाठणार. पण पहिल्याच धनगरवाड्यावर एक म्हातारी अंगणात घोंगडं वाळत घालत होती. तिला डोळ्यांनी अंधुक दिसायचं, हातांना मात्र सगळं दिसायचं. जमादारांची चाहूल लागताच ती कडाडली.

"आता आनि कशाला आलासा? मगाशीच तर यून ग्येलासा!"

"मावशे, त्यो म्या नव्हतो."

"ते मला मागनं कळलं! घोडी तुमची, पर मानूस घुमा. म्या म्हनलं, जमादार, आज घसा बसला व्हय? तर बोलतोय कसा, 'समदं ठीक?' म्या म्हनलं, ठीक कुठलं! त्या रंग्यानं शिमग्यात माजं घोंगडं न्हेलं, तुमी काय माशा मारताय? तर म्हन्तो, 'बगतो.' म्हनलं, काय बगताय? आन् हालवून इचाराया हात लावला, तर हाताला माजंच घोंगडं! म्या सोता कातलेली लोकर म्या वळखत न्हाई?"

"मंग?"

"मंग काय! घ्येतलं काढून. रडाया लागला. म्हन्तो, म्हातारे, ठीक हाय म्हन, ही हलंना. घोंगडं गावलं, मंग म्हनलं, आता ठीक हाय."

"उतरून पळाला कसा नाही तो?" फौजदारांनी विचारलं.

म्हातारीनं नुसतं कुत्र्यांकडं बोट केलं. धनगरांची कुत्री ती. लांडग्याला मधे घालून फाडणारी. मैना त्यांच्या ओळखीची, म्हणून मैनेवर बसलेला माणूस पाहुणा. खाली उतरला की शिकार. त्यात रंग्याचा घोटा भोपळ्याएवढा. आणि कोकणाकडं वळवावं म्हणाल तर मैनेला गस्तीची वाट सोडून दुसरी वाट जगात आहे हेच माहीत नव्हतं.

पुढच्या वाडीवर पागोटं सापडलं. तिथल्या शेतकऱ्याची कोंबडी रंग्यानं खाल्ली होती. ती कोंबडी कशी अंड्यातनं निघाली, कशी चालायची, घारीपासनं कशी वाचली, हे सारं त्या गड्यानं रंग्याला घोडीवर बसवून ऐकवलं. भरपाई म्हणून पागोटं घेतलं, तेव्हा "ठीक हाय" म्हणाला. त्यापुढच्या वाडीवर बंडी. त्यापुढं वहाणा. त्यापुढं एका बाईनं वस्तू काही मागितली नाही, फक्त आपल्या नवऱ्याला त्यानं रानात कसं घाबरवलं ते सांगितलं, आणि रंग्याकडून तिच्या नवऱ्याची माफी मागून घेतली. नवरा खोपटाच्या आत बसून होता. वाडीगणिक रंग्या कमी कमी होत चालला होता. आणि ज्याचा हिशेब चुकता होई तो घरी न जाता पुढची गंमत बघायला मैनेमागं चालू लागे.

आम्ही चौकीवर पोचलो तर निम्मं खोरं तिथं जमलेलं. मधे मैना, आणि मैनेवर एका लंगोटीनिशी रंग्या. चौकीतली सगळी माणसं मोहिमेवर असल्यानं आतनं "ठीक हाय" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तो तसाच बसून. जमादारांना बघून त्यानं हात जोडले.

"जमादार, पाया पडतो, म्हना वो लौकर! घोटा लई ठनकतोय. पायजे तर फासावर द्या, पर ही गस्त आवरा. मानसं किती बोलत्यात!"

जमादारांनी आधी मैनेचे चारी खूर उचलून बघितले, तोंड उघडून बघितलं, पोटाखालनं हात फिरवला. मग मान हलवून म्हणाले, "ठीक हाय." आणि रंग्याला लेकरागत उचलून खाली घेतलं. हाडवैद्याला बोलवायला मला पिटाळलं ते फौजदारांना न विचारताच.

आता वाटेल की झालं, मैना वाचली. मलाही वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी फौजदार म्हणाले, "मी टोळी धरा म्हणालो होतो. टोळी कोकणात गेली. सापडला एकटा, आणि तोही तुम्ही धरलेला नाही. घोडीचा लिलाव ठरल्याप्रमाणं."

"बरं, सायेब," जमादार म्हणाले. दारापर्यंत गेले. वळले. "सायेब, एक इचारू? चोरीला ग्येलेली वस्तू पोलिसांस्नी गावली म्हंजे तिला कायद्यात काय म्हन्त्यात?"

"मुद्देमाल."

"आन् मुद्देमाल इकता येतो?"

"छे! खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याला हातसुद्धा..." फौजदार थांबले. बाहेर मैना फुरफुरली.

खटला उभा राहिला. बाकीच्या चोऱ्यांबद्दल तक्रार द्यायला कुणी येईना. लोक म्हणायचे, आमचं आम्हाला मिळालं. उरली एकच चोरी, मैनेची, आणि ती साऱ्या खोऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेली. रंग्या कोठडीत ऐटीत बसून होता. "म्या कबूल करनार," सांगायचा. "लपवायचं काय त्यात?" त्याला घाईही होती. कामथडीला त्याची सोयरीक ठरलेली, आणि पोरीच्या बापानं बजावलं होतं की आधी शिक्षा भोगून मोकळा हो, मग हळद.

कोर्टाच्या आदल्या दुपारी जमादार कोठडीपुढं गेले. मी पहाऱ्यावर होतो. ते खाली जमिनीवर बसले आणि डोक्यावरचा संस्थानचा फेटा काढून मांडीवर घेतला. मी त्यांना त्याआधी बोडकं कधी पाहिलं नव्हतं.

"रंगोबा, उद्या तुमी कबूल केलंसा की निकाल. निकाल लागला की लिलाव. मैनी टांग्याला जाईल. तिला ते झेपायचं न्हाई."

रंग्या गजांपाशी सरकला. "म्हंजे पोलीस चोराला सांगतोय, खोटं बोल?"

"व्हय. सांगतोय."

"माजी हळद ऱ्हाईल."

"व्हय. म्हून हुकूम करत न्हाई. इनंती करतोय."

रंग्यानं दुखरा पाय लांब केला. "किती साल आवाज देत आलासा वो मला?"

"मोजलं न्हाई."

"म्याबी न्हाई," रंग्या म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी भोरच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "घोडी चोरल्याचा गुन्हा कबूल आहे का?"

"न्हाई, सायेब," रंग्या म्हणाला. "म्या घोडीला न्हेलं न्हाई. घोडीनं मला न्हेलं. पायजे तर समद्या खोऱ्याला इचारा."

आणि साऱ्या खोऱ्याला विचारायचं ठरलं! साक्षीदार एक बोलवला की तीन यायचे. म्हातारीनं तर साक्षीच्या पिंजऱ्यात घोंगडं पसरून साहेबांना सूत दाखवलं आणि लोकर कशी पिंजायची तेही शिकवलं. तारखांवर तारखा पडत गेल्या. दरम्यान जमादार निवृत्त झाले आणि त्यांनी निवृत्त माणसाला शोभतील अशी दोन कामं केली. कोर्टात अर्ज करून मैनेला सांभाळायला स्वतःच्या ताब्यात घेतलं, आणि रंग्याला जामीन राहिले. इकडं मी सायकल खांद्यावर घेऊन गस्त घालत होतो. चढाला ती फार जड लागायची.

तारखेला आमची वरात निघायची. मी पोलीस, जमादार जामीनदार, रंग्या आरोपी, मैना मुद्देमाल. रंग्याचा पाय चढाला दुखायचा, म्हणून जमादार त्याला मैनेवर बसवायचे आणि स्वतः लगाम धरून चालायचे. नसरापूरच्या पुढं सडकेवर मोटारी थांबून बघायच्या. चोरीच्या घोडीवर आरोपी, आणि पोलीस पायी! कामथडीला पोरीच्या दारात थांबायचो. बाप ओसरीवरून विचारायचा, "लागला का निकाल?"

"न्हाई, मामा."

"मंग फुडल्या तारखंला या."

एकदा पोर दाराआडून तडकली, "कबूल करा की येकदाचं! त्या घोडीपायी माजं वय चाललंय!"

रंग्या खाली मान घालून म्हणाला, "अगं, तिचंबी चाललंय."

आत भांडं आपटलं. पण जरा वेळानं चहा आला, आणि मैनेसाठी परातीत भिजवलेला कोंडाही आला. तेव्हाच मी ओळखलं की ही पोर थांबणार.

कितीक तारखा झाल्या असतील. नवे फौजदार जुने होऊन बदलून गेले. मैनेचे दात गेले; जमादार तिला भाकरी चुरून ताकात कालवून घालायचे. आणि एका उन्हाळ्यात सकाळी ती त्यांच्या अंगणात निवांत आडवी झाली, ती उठली नाही. मुद्देमाल असल्यानं पंचनामा करावा लागला. पंच म्हणून दोन माणसं पुरतात. आली सारी वाडी-वस्ती. धनगरवाड्यावरच्या म्हातारीनं तेच घोंगडं आणलं होतं. मैनेवर घालून ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता हिच्याच अंगावर." रंग्यानं लंगडत लंगडत खड्डा खणला. दुसऱ्या कुणाला कुदळ लावू दिली नाही.

पुढच्या तारखेला आम्ही तिघंच गेलो. कामथडीला थांबलो नाही. कोर्टात पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद चाळत विचारलं, "मुद्देमाल हजर आहे?"

जमादार पुढं झाले. त्यांच्या हातात नुसता लगाम होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि काहीतरी बोलले. साहेबांना ऐकू आलं नाही. मलाही नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"ग्येली, सायेब."

तेवढ्यात मागून आवाज आला. रंग्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला होता, पागोटं काढून हातात धरलेलं.

"सायेब, म्या गुन्हा कबूल करतो. घोडी म्याच चोरली."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा वर केला. रंग्याकडं पाहिलं, लगामाकडं पाहिलं, जमादारांकडं पाहिलं. "आजवर दर तारखेला नाकबूल म्हणत आलास. खोऱ्यातली माणसं सांगून दमली. मग हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगनार, सायेब?" रंग्या म्हणाला. "तवा ती जित्ती हुती."